चंदीगडची साधी घरे

परगावी गेलेला प्रवासी तेथे काय पाहतो, यावरून त्याच्या नजरेची पारख होते. देवळे, किल्ले, राजवाडे आणि मोठमोठ्या कचेऱ्या यांची यादी बरोबर घेऊनच बहुतेक जण निघतात. परंतु ज्या घरांत त्या गावची माणसे नांदतात, ती घरे पाहण्यासाठी वाट वाकडी करणारा प्रवासी विरळाच. चंदीगडच्या बाबतीत हे विशेषेकरून खरे आहे. देशोदेशींचे लोक या नगरीत येतात ते कॅपिटॉल संकुल पाहण्यासाठी. उच्च न्यायालयाचे भव्य छत, सचिवालयाची लांबच लांब दर्शनी बाजू, विधानभवनाचा आकाशात झेपावणारा मनोरा आणि वाऱ्याबरोबर फिरणारा तो उघडा हात यांची छायाचित्रे जगभर पोहोचली आहेत. २०१६ साली युनेस्कोने ल कॉर्बुझिए या वास्तुशिल्पज्ञाच्या सात देशांतील सतरा कृतींना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत या संकुलाचा समावेश आहे. तो मान यथायोग्यच आहे. परंतु ही भव्यता पाहून जो प्रवासी तसाच परत फिरतो, त्याला चंदीगडचे अर्धेच दर्शन घडले असे म्हणावे लागेल. उरलेले अर्धे चंदीगड सेक्टर २२ सारख्या जुन्या वस्त्यांतील विटांच्या घरांत आहे.

ही घरे कोणत्या परिस्थितीत उभी राहिली, ते आधी ध्यानात घेतले पाहिजे. १९४७ साली फाळणी झाली आणि पंजाबची जुनी राजधानी लाहोर सीमेपलीकडे गेली. 'घर पाहावे बांधून' ही म्हण मराठी माणूस एका घरापुरती वापरतो. येथे तर अवघ्या प्रांतालाच नव्याने घर बांधावयाचे होते. नव्या राजधानीचा पहिला आराखडा अल्बर्ट मेयर या अमेरिकन नियोजनकाराने तयार केला. त्याचा तरुण सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० च्या ऑगस्टात विमान अपघातात मरण पावला आणि काम अडले. मग पी. एन. थापर हे प्रशासक व पी. एल. वर्मा हे अभियंता असे दोघे पंजाब सरकारच्या वतीने युरोपात गेले आणि त्यांनी चौघांना या कामाला जोडून घेतले. ल कॉर्बुझिए, त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे, आणि मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे इंग्लंडमधील दांपत्य, असे ते चौघे होत.

या चौघांत कामाची जी वाटणी झाली, तिचा परिणाम आजही रस्त्यावर दिसतो. कॉर्बुझिएने नगराचा आराखडा आणि कॅपिटॉलच्या वास्तू आपल्याकडे घेतल्या. तो वर्षातून काही आठवडे येई आणि पॅरिसला परत जाई. घरे, शाळा, दवाखाने, दुकाने ही रोजच्या जगण्याची सारी कामे उरलेल्या तिघांकडे आली. त्यांच्या हाताखाली भारतीय तरुणांचा एक संच होता. त्यांत ऊर्मिला यूली चौधरी, आदित्य प्रकाश, जीतलाल मल्होत्रा, एम. एन. शर्मा हे पुढे नावारूपाला आलेले लोक होते. फ्राय आणि ड्रू यांनी तीन वर्षे काम केले. जानरे मात्र १९६५ पर्यंत येथेच राहिला. १९६७ साली तो स्वदेशी निवर्तला, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा सुखना तलावात विसर्जित करण्यात आली. कॉर्बुझिएने या नगरीला कीर्ती दिली, जानरेने तिला आपले आयुष्य दिले.

घरांसंबंधी सरकारने घातलेली अट मोठी कडक होती. मंत्र्यांपासून शिपायापर्यंत सरकारी नोकरांचे तेरा वर्ग पाडण्यात आले, आणि प्रत्येक वर्गाच्या घरावर किती खर्च करावयाचा याची मर्यादा ठरवून देण्यात आली. पुढे सर्वांत कमी वेतनाच्या नोकरांसाठी चौदावा वर्ग वाढविण्यात आला. गमतीची गोष्ट अशी की, अशुभ म्हणून मूळ आराखड्यात सेक्टर १३ ठेवलाच नव्हता. घरांचे वर्ग मात्र नेमके तेरा निघाले! प्रत्येक घराच्या नमुन्याला वर्गाचा आकडा आणि तो नमुना आखणाऱ्याच्या आडनावाचे आद्याक्षर अशी खूण असे. कागदावरची ही खूण रूक्ष खरी. परंतु तिच्यात एक मोठा अर्थ दडलेला आहे. शिपायाच्या घरालाही कर्ता होता, आणि त्या घरावर त्याचे नाव होते. एरवी अशी घरे कोणी नामांकित माणूस आखीत नाही. ती ओव्हरसियरच्या टेबलावर जन्म घेतात आणि ठेकेदाराच्या हिशेबात वाढतात.

आता या वस्तीत पायी शिरावे. मोटारीतून हे नगर नीटसे कळत नाही. कारण चंदीगडचे मोठे रस्ते मुद्दामच घरांकडे पाठ फिरवून गेलेले आहेत. सुमारे आठशे मीटर रुंद आणि बाराशे मीटर लांब असा एकेक सेक्टर आहे. त्याच्या चारी बाजूंनी वेगवान वाहने जातात आणि आत शिरावयास मोजक्याच वाटा आहेत. आत एक बाजाराचा रस्ता, मधून जाणारा हिरवळीचा पट्टा, शाळा, दवाखाना, आणि मग घरांच्या रांगा. लहान मुलाला मोठा रस्ता न ओलांडता शाळेत जाता यावे, हा त्यामागील हेतू. मेयरच्या आराखड्यातही शेजारवस्तीची कल्पना होतीच; कॉर्बुझिएने तिला काटकोनी शिस्त दिली.

आत शिरणाऱ्याच्या नजरेत प्रथम भरते ती वीट. दोन किंवा तीन मजल्यांच्या बैठ्या बांध्याच्या रांगा, तांबूस विटांच्या उघड्या भिंती, मधूनमधून पांढऱ्या गिलाव्याचे पट्टे आणि सपाट छपरे. नक्षी नाही, कमानी नाहीत, खांबांवर वेलबुट्टी नाही. पहिल्या क्षणी हे सारे कोरडे वाटते. परंतु पाहणारा जरा थांबला, की भिंती बोलू लागतात. एके ठिकाणी विटा एकाआड एक सोडून जाळी केलेली असते. तिच्यातून जिन्यावर उजेडाचे चौकोन पडतात. दुसऱ्या ठिकाणी खिडकी भिंतीत खोल सारलेली असते आणि तिच्याभोवती पुढे आलेली चौकट दुपारभर सावली धरते. वर छताखाली लहान चौकोनी झरोक्यांची ओळ असते. तापलेली हवा तेथून निघून जाते. गच्चीचा कठडाही जाळीचा असतो, कारण उन्हाळ्यात घरातील माणसे गच्चीवर निजत. वारा लागावा, पण शेजाऱ्याची नजर पडू नये, असा तो बेत. काही घरांच्या भिंतींत ओढ्यातले गोल गोटे जसेच्या तसे बसविलेले दिसतात. शिवालिक डोंगरातून उतरणाऱ्या या पावसाळी ओढ्यांना तिकडे 'चो' म्हणतात. जानरेला या गोट्यांचा मोठा लोभ होता.

या घरांचे सौंदर्य दारिद्र्यातून आले आहे, असे म्हटल्यास ते धाडसाचे वाटेल. पण ते सत्य आहे. त्या काळी सिमेंट दुर्मीळ होते आणि पोलाद त्याहून दुर्मीळ. काचेच्या मोठमोठ्या तावदानांचा विचारही शक्य नव्हता. विपुल होती ती भोवतालची माती, ती भाजणाऱ्या भट्ट्या आणि वीट रचणारे हात. म्हणून वीट निवडली गेली. खिडक्यांचा खर्च आवरावयाचा म्हणून त्या मोजक्या आणि लहान ठेवल्या. पण त्यामुळेच भिंतींना गंभीर सलगपणा आला. दोन घरांत एकच भिंत ठेवली की तिचा अर्धा खर्च वाचतो. म्हणून घरे रांगेत जोडली गेली, आणि त्यामुळेच रस्त्याला एक लय मिळाली. फ्राय आणि ड्रू यांनी पश्चिम आफ्रिकेत उष्ण प्रदेशातील बांधकामाचा अनुभव घेतला होता. सावली ही चैनीची वस्तू नसून भिंतीइतकीच आवश्यक आहे, हे त्यांना पुरते ठाऊक होते. चंदीगडचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो आणि हिवाळ्यात दात वाजतात. या दोन्ही ऋतूंशी घराचे जमले पाहिजे. तेव्हा छज्जा, जाळी, खोल ओसरी आणि अंगण हे कारणपरत्वे आलेले अवयव आहेत. शोभा त्यांच्या मागोमाग आली.

या साऱ्यांत सर्वांत जास्त वेळ थांबावे ते सर्वांत लहान घरापुढे. शिपाई, चपराशी अशा नोकरांसाठी जो नमुना तयार झाला, त्यात दोन खोल्या, ओसरी, स्वयंपाकघर, न्हाणी, स्वतंत्र शौचकूप आणि मागे बंदिस्त अंगण एवढे दिले होते. नळ आणि वीज घरात आली होती. आज हे वाचताना त्यात विशेष काय, असे वाटेल. परंतु त्याच सुमारास मुंबईच्या चाळींत हजारो कुटुंबे एका खोलीत राहत होती, आणि मजल्याच्या टोकाशी असलेल्या सामाईक मोऱ्या-शौचकूपांपुढे सकाळी रांगा लागत होत्या, याची आठवण मराठी श्रोत्यांस करून द्यावयास नको. त्या पार्श्वभूमीवर एका शिपायाच्या गृहिणीला स्वतःचे न्हाणीघर आणि आभाळाखालचे स्वतःचे अंगण मिळणे, ही लहान गोष्ट नव्हती. नव्या प्रजासत्ताकाने समतेची जी भाषा घटनेत लिहिली, तिचे एक वाक्य या विटांत वाचावयास मिळते.

खाजगी मालकांच्या घरांची कथा थोडी निराळी आहे. सरकारने भूखंड विकले आणि घरे ज्याने त्याने बांधावी असे ठरविले. पण प्रत्येकाने मन मानेल तसे बांधले असते तर रस्त्याची दशा विसंवादी गाण्यासारखी झाली असती. म्हणून १९५२ च्या कायद्याच्या आधारे नियम झाले. लहान भूखंडांवरील घरांसाठी एक चौकट आखून देण्यात आली: दोन्ही बाजूंच्या भिंतींची रेषा, उंची, पुढील कुंपण, फाटक हे सर्वांचे एकसारखे, त्या चौकटीच्या आत मालकाने आपली हौस भागवावी. किती जागा उघडी सोडावयाची तेही ठरलेले. त्यामुळे जुन्या गल्ल्यांतून चालताना एक मजा दिसते. कोणी दर्शनी भिंतीला रंग दिला आहे, कोणी बाल्कनीला निराळा कठडा लावला आहे, कोणी विटांची जाळी आपल्या पसंतीची विणली आहे. तरीही सारी ओळ एकमेकांचा हात धरून उभी आहे असे वाटते. शेजारधर्माला दिलेले हे वास्तुरूपच म्हणावयाचे. त्यात भर घातली झाडांनी. महेंद्रसिंग रंधावा या सनदी अधिकाऱ्याला वृक्षांचे विलक्षण वेड होते. कोणत्या रस्त्यावर कोणता वृक्ष लावावा, याचा त्यांनी बारकाईने विचार केला. म्हणूनच आज अमलताशाच्या पिवळ्या घोसांखालून चालताना विटांचा तांबूसपणा अधिकच खुलतो. अमलताश म्हणजे आपला बहावा.

या नगरीचे गुण गाताना तिचे दोष झाकून ठेवणे बरे नव्हे. ज्या खेड्यांच्या शेतजमिनीवर ती वसली, त्या खेडुतांना उठावे लागले. तेरा वर्गांनी शिपायाला घर दिले हे खरे. पण त्याच वर्गांनी नगराचा नकाशाही पगारानुसार विभागला. उत्तरेकडे डोंगराच्या पायथ्याशी ऐसपैस बंगले आणि दक्षिणेकडे दाट वस्ती, अशी उतरंड लागली. साहेब आणि चपराशी यांची घरे एकाच हाताने आखली, पण ती एका गल्लीत बसविली नाहीत. आणि ज्या मजुरांनी डोक्यावर विटा वाहिल्या, त्यांच्यासाठी चौदा वर्गांपैकी एकही वर्ग नव्हता. ते झोपड्यांत राहिले, आणि त्यांच्या वसाहती पुढे वेळोवेळी उठविल्या गेल्या. शिवाय दिवसभर तापलेली वीट रात्री आपली उष्णता घरात सोडते, ही तक्रारही जुनी आहे. पाहणाऱ्याने हे सारे जाणूनच पाहावे. आंधळ्या कौतुकापेक्षा डोळस कौतुक अधिक टिकते.

ते टिकण्याची आज गरज आहे. पहिल्या टप्प्यातील सेक्टर १ ते ३० हे दीड लाख लोकसंख्येसाठी आखले होते. दोन्ही टप्पे मिळून पाच लाख लोक येथे राहावेत असा हिशेब होता. २०११ च्या जनगणनेत केंद्रशासित चंदीगडची लोकसंख्या साडेदहा लाखांवर गेलेली आढळली. जमिनीच्या किमती गगनाला भिडल्या. एका घराचे तीन मालक व्हावे, प्रत्येकाने एकेक मजला घ्यावा, जुने दोनमजली घर पाडून तेथे काचेचा आणि चकचकीत फरशीचा नवा इमला उठवावा, असा ओघ सुरू झाला. हा प्रश्न अखेर सर्वोच्च न्यायालयात गेला. १० जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, पहिल्या टप्प्यातील निवासी घरांचे असे तुकडे पाडून सदनिका करता येणार नाहीत. मजल्यांची संख्या तीनपुरती मर्यादित ठेवावी आणि या भागाच्या भवितव्याचा विचार वारसा समितीने करावा, असेही न्यायालयाने सांगितले. हे निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती भूषण गवई हे अमरावतीचे.

न्यायालयाने तुकडे पाडण्यास अटकाव केला. पण घराचे मोल जाणण्याची सक्ती कोणतेही न्यायालय करू शकत नाही. मालकाची बाजूही समजून घेतली पाहिजे. आजोबांनी बांधलेल्या घरात तीन पिढ्या मावत नाहीत. मोटारीला जागा हवी, म्हाताऱ्या आईला जिना चढवत नाही, पावसात गच्ची गळते. तो ओसरीला काचा लावून खोली करतो, तेव्हा त्याच्या मनात वारशाशी वैर नसते. त्याला मुलाच्या अभ्यासाला जागा हवी असते. सरकारी घरांची कहाणी आणखी निराळी. तेथे राहणारा आज आहे आणि बदली झाली की उद्या नाही. त्यामुळे ओल धरलेल्या भिंतीची आच कोणालाच फारशी लागत नाही. जाळीच्या भोकांत विटांचे तुकडे कोंबून ती बुजविलेली दिसते. अंगणावर पत्रा येतो. एकेक बदल क्षुल्लक असतो. परंतु अशा शंभर बदलांनंतर रस्त्याची लय हरपते, आणि ती कोणत्या दिवशी हरपली हे कोणालाच सांगता येत नाही.

याच्या जोडीला एक विपरीत दृश्य पाहावयास मिळते. कचेऱ्यांसाठी त्या काळी जानरे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सागवान व वेत यांच्या साध्या खुर्च्या तयार करविल्या होत्या. जुन्या झाल्या म्हणून त्या अडगळीत पडल्या आणि मोडीच्या भावाने विकल्या गेल्या. पुढे त्याच खुर्च्या परदेशांतील लिलावांत मोठ्या रकमांना जाऊ लागल्या, तेव्हा सर्वांचे डोळे उघडले, आणि २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा वस्तूंच्या विक्रीस मनाई केली. खुर्ची जहाजात घालून नेता येते, म्हणून तिची किंमत तरी कळली. घर जागचे हलत नाही. त्याची किंमत जागेवरच कळावी लागते.

काही चांगल्या गोष्टीही घडल्या आहेत. सेक्टर ५ मधील ५७ क्रमांकाच्या घरात जानरे अनेक वर्षे राहिला. विटा आणि गोटे यांनी बांधलेले ते घर २०१७ पासून संग्रहालय म्हणून जपले गेले आहे. तेथे गेलेल्याला एक गोष्ट पटते: या माणसाने दुसऱ्यांसाठी जे साहित्य वापरले, तेच स्वतःसाठीही वापरले. घराला ऐट नाही. पण कोपऱ्यातील शेल्फ, भिंतीतील कोनाडा, उजेड येण्याची जागा यांत हाताचा आणि मनाचा सारखाच स्पर्श आहे. मात्र सारी वस्ती संग्रहालय होऊ शकत नाही, आणि होऊही नये. घर राहते राहिले तरच ते घर. त्याची डागडुजी कशी करावी, नवी खोली कोठे काढावी, जाळी न बुजविता पावसाची झड कशी अडवावी, हे मालकाला समजावून सांगणारा जाणकार माणूस हाताशी हवा. नुसत्या मनाईच्या पाटीने हे काम होणार नाही.

आणि जाणकाराच्याही आधी हवा तो पाहणारा. ज्या घराकडे कोणी पाहत नाही, ते पाडताना कोणाला काही वाटत नाही. आपल्या देशात प्राचीनाविषयी आदर आहे आणि नव्याविषयी हौस आहे. मधल्या काळातील वस्तू मात्र दोहोंच्या मध्ये अनाथ राहते. साठ-सत्तर वर्षांचे घर देवळाइतके जुने नसते आणि काचेच्या इमल्याइतके नवे नसते. त्याला वारसा म्हणावे तर लोक हसतात, आणि जुनाट म्हणावे तर ते अजून खणखणीत उभे असते. पण स्वतंत्र भारताने आपल्या सामान्य माणसाला प्रथमच घर द्यावयाचे ठरविले, तेव्हा त्याच्या मनात काय होते, हे सांगणारे साक्षीदार हेच आहेत. हाती थोडा पैसा, थोडे सिमेंट आणि भरपूर माती असताना माणसाच्या राहण्याचा किती बारकाईने विचार करता येतो, याचा तो दाखला आहे. अशा वस्त्या देशात इतरत्रही आहेत. सरकारी वसाहती, कारखान्यांच्या नगऱ्या, सहकारी गृहसंस्था यांच्या जुन्या गल्ल्यांतून त्या विखुरल्या आहेत. ज्याला चंदीगडच्या विटांची भाषा एकदा कळली, त्याला आपल्याच गावातील एखाद्या जुन्या वसाहतीपुढे पाऊल थांबविण्यास कारण सापडेल. संध्याकाळची तिरपी उन्हे जाळीवर आली म्हणजे पाहण्यास उत्तम वेळ. फाटकाबाहेरूनच पाहावे, कारण आत माणसे नांदत असतात.